पहिल्या मीटिंगला जाण्याआधी

तुम्ही लिहिलंय की दारू सोडायची आहे, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंग जवळपास होतात असं कानावर आलंय, पण चौकशी कुठे करायची ते कळत नाही. ओळखीचं कुणी भेटेल, सगळ्यांसमोर बोलायला लावतील, देवाधर्माचं काही गळ्यात मारतील, अशी धास्तीही आहे. मी बऱ्याच वर्षांपासून या मीटिंगांना जातो आणि नव्याने येणाऱ्यांचे फोन घेतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी जिवाशी संबंध असलेली गोष्ट. रोज भरपूर पिणं चालू असेल तर मीटिंगला जायचंय म्हणून आजच्या आज स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, ताप येतो, आपण कुठे आहोत याचं भान सुटतं. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास त्यात माणूस दगावू शकतो. सकाळी प्यायल्याशिवाय हात थरथरत असतील किंवा पूर्वी सोडताना फिट आली असेल, तर आधी डॉक्टर गाठा आणि किती पिता ते खरं सांगा. मीटिंगला त्यासोबतही जाता येतं.

आता शोधण्याबद्दल. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, ही यातली जुनी आणि खूप पसरलेली संघटना. त्यांच्या वेबसाइटवर आणि 'मीटिंग गाइड' या अॅपवर जागा आणि वेळा मिळतात, पण यादीवर डोळे झाकून विसंबू नका. जागा बदलतात, ग्रुप बंद पडतात. हेल्पलाइनला फोन करून मीटिंग आज नक्की आहे ना, आणि ओपन आहे की क्लोज्ड, एवढं विचारा. ओपन मीटिंगला कुणीही येऊन बसू शकतं, घरचं माणूससुद्धा. क्लोज्ड मीटिंग फक्त दारू सोडायची इच्छा असलेल्यांसाठी असते, म्हणजे तुम्ही तिथेही चालता. फोन उचलणारा बहुधा स्वतः दारूतून बाहेर आलेला असतो, त्यामुळे अडखळत बोललात तरी त्याला समजतं. बरेचदा तो म्हणेल, 'दाराशी थांबतो, या.' हो म्हणा. एकट्याने आत शिरणं हाच सगळ्यात अवघड भाग असतो.

मीटिंग साधारण तास-दीड तासाची. सुरुवातीला थोडं वाचन होतं, मग एकेक जण आपला अनुभव सांगतो. मध्ये कुणी तोडत नाही, उलटतपासणी घेत नाही. तुमची पाळी आली तर पहिलं नाव सांगा आणि 'आज मी फक्त ऐकणार आहे' म्हणा. एवढं पुरतं. आडनाव, पत्ता, नोकरी सांगायची गरज नाही. वर्गणी नसते. ऐच्छिक देणगीसाठी पिशवी फिरते, नव्या माणसाने काही टाकलंच पाहिजे असं नाही. ओळखीचं कुणी दिसलंच, तर तो माणूसही बहुधा त्याच कारणासाठी तिथे आलेला असतो.

देवाबद्दल खरं ते सांगतो. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूतून सावरण्याच्या टप्प्याटप्प्याच्या कार्यक्रमात, देवाचा उल्लेख आहे, पण 'आपल्याला उमगेल तसा' या शब्दांसह. कित्येक नास्तिक ग्रुपलाच आपली उच्च शक्ती, म्हणजे स्वतःहून मोठा आधार, मानून वर्षानुवर्षं दारूविना आहेत. तरीही ते रुचलं नाही, तर १९९४ पासून चालू असलेली स्मार्ट रिकव्हरी ही दुसरी संघटना विचार आणि सवयी बदलण्याच्या मानसशास्त्रीय पद्धतींवर चालते, तिथे उच्च शक्ती हा विषयच नाही. ऑनलाइन मीटिंगा दोन्हीकडे आहेत. मीटिंगांनी खरंच फरक पडतो का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. २०२० साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. त्यात असं दिसलं की एएकडे पद्धतशीरपणे वळवणाऱ्या उपचारांनंतर वर्षभर पूर्ण कोरडं राहणाऱ्यांचं प्रमाण इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा काहीसं जास्त होतं.

एका मीटिंगवरून मात्र ठरवू नका. प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. कुठे सगळे वयस्कर, कुठे तरुण, कुठे फक्त स्त्रिया. चार-सहा ठिकाणी बसून पाहा, मग एक जागा आपली धरा. दहा मिनिटं आधी जा, आणि मीटिंग संपली की लगेच निघू नका. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते यानंतरचं: दोन-तीन जणांचे नंबर घ्या आणि काही कारण नसताना एकदा फोन करून ठेवा. तलफ येते त्या क्षणी अनोळखी नंबर लावायला हात धजावत नाही. एएची सुरुवातच अशा फोनमधून झाली. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात नुकतीच दारू सोडलेल्या बिल विल्सनचा धंद्यातला बेत फसला होता. हॉटेलात बार समोर होता. त्याने बारकडे न वळता फोन लावायला सुरुवात केली, बोलायला दुसरा एखादा दारुडा मिळेल का म्हणून. त्यातून त्याची डॉक्टर बॉबशी गाठ पडली, आणि या दोघांनी एए सुरू केली.

पुढे स्पॉन्सर निवडाल, म्हणजे पायऱ्यांमधून हात धरून नेणारा जुना सदस्य. घाई नको. पुरुषाने पुरुष, स्त्रीने स्त्री निवडावी हा जुना संकेत बहुतेकांच्या हिताचा आहे. नव्या माणसाच्या नाजूक अवस्थेचा फायदा घेऊन जवळीक साधू पाहणारे क्वचित भेटतात. तसं वाटलं तर ग्रुपमधल्या जुन्या माणसाला सांगा, नाहीतर ग्रुप बदला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद कर असं कुणी सांगितलं, तर ते अजिबात ऐकू नका. तो अधिकार कुठल्याच सदस्याला नाही.

मध्येच प्यायलात, तरी परत या. प्यायलेल्या अवस्थेत आलात तर त्या दिवशी बोलू नका, ऐकत बसा एवढंच बहुतेक ग्रुप सांगतात. नाव काढून टाकायला मुळात नोंदवहीच नसते.

घरच्यांनी काय करायचं, असंही तुम्ही विचारलंय. त्यांच्यासाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात, आणि तुम्ही सोडण्याची वाट न पाहता ते आजही तिथे जाऊ शकतात. किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन आहे.