शुल्क माफ झाले, पण खानावळीचे काय?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी अभ्यासक्रम कोणता निवडावा, असे विचारणारे वाचक आता पैसे कोठून आणावेत, असे विचारू लागतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच वगळली आहेत.

प्रश्न : आमची अडीच एकर कोरडवाहू जमीन आहे. मुलीला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गातून पुण्याच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली आहे. मुलींचे शिक्षण आता मोफत झाले, असे सगळे सांगतात. परंतु महाविद्यालयाने दिलेल्या कागदावर तरीही बरीच रक्कम दिसते. तिथे राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळाच. आम्ही काय करावे? – एक आई, धाराशिव जिल्हा

उत्तर : सर्वप्रथम आपल्या मुलीचे मनापासून अभिनंदन. आपण जे ऐकले ते खरे आहे, पण अर्धे. राज्य शासनाने ८ जुलै २०२४ रोजी काढलेल्या निर्णयानुसार, २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचा पूर्ण लाभ मिळतो. त्यापूर्वी तो निम्मा होता. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातील जागा, तसेच खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या लाभातून वगळलेली आहेत. आपल्या मुलीचा प्रवेश या अटीत बसतो.

आता कागदावरच्या रकमेकडे वळू. निर्णयात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क एवढीच दोन नावे आहेत. विकास शुल्क, अनामत, ग्रंथालय, ओळखपत्र, विद्यापीठाची नोंदणी, बस, वसतिगृह यांपैकी काहीही त्यात येत नाही. म्हणून महाविद्यालयाकडून शुल्काचा तपशील शीर्षकवार, लेखी मागून घ्यावा. त्यात शिक्षण शुल्काची रक्कम आपल्याकडून मागितलेली असेल, तर ती का मागितली, हे नम्रपणे परंतु लेखी विचारावे आणि त्या अर्जाची पोच घ्यावी. नुसते तोंडी विचारले तर बहुतेक वेळा तोंडीच उत्तर मिळते आणि पुढे त्याचा काही उपयोग होत नाही.

आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मात्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मी अनेक वर्षे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात काम केले आहे. शुल्काच्या आकड्याला घाबरून प्रवेशच न घेणारी मुले मी पाहिली. पण प्रवेश घेऊन, वर्गात चांगले गुण मिळवून, डिसेंबर-जानेवारीत गावी परत गेलेली मुले त्यांच्यापेक्षा जास्त पाहिली, आणि त्यांतली बहुतेक शुल्कामुळे नव्हे, तर खानावळीची दोन-तीन महिन्यांची बाकी चढल्यामुळे गेली. शासनाचा पहिला हप्ता हाती येईपर्यंत अनेकदा दुसरे सत्र उजाडते. तोपर्यंत मुलीने जेवायचे काय आणि राहायचे कोठे, याची तजवीज आपण आजच केली पाहिजे.

त्यासाठी दोन मार्ग आपल्याला थेट लागू पडतात. एक म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी ती आहे. तिचा अर्ज महाडीबीटी या शासकीय शिष्यवृत्तींच्या संकेतस्थळावर शुल्काच्या अर्जापेक्षा वेगळा भरावा लागतो, आणि नेमके येथेच पालकांची चूक होते. एक अर्ज भरला म्हणजे सर्व काही झाले, अशी समजूत असते. तहसीलदारांकडून अल्पभूधारक असल्याचे प्रमाणपत्र घ्या, मुलगी वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहते याचा पुरावा पहिल्या दिवसापासून जपून ठेवा, आणि घरमालक पावती देत नसेल तर भाडेकरार करून घ्या. दुसरा मार्ग पुण्यातील सामाजिक संस्थांच्या वसतिगृहांचा. १९५५ साली स्थापन झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातील गरजू मुला-मुलींची अत्यल्प खर्चात राहण्या-जेवण्याची सोय करते. अशा संस्थांमधील प्रवेश मुलाखतीनंतर मिळतात आणि जागा लवकर भरतात, म्हणून महाविद्यालयाच्या प्रवेशाची वाट न पाहता तेथील चौकशी आधीच करावी. तेथे मुलांना आपली कामे स्वतः करावी लागतात, हे मुलीला आधी सांगून ठेवा. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला त्याचे काही वाटणार नाही, हे मी जाणतो.

प्रश्न : मी अनुसूचित जातीचा विद्यार्थी असून छत्रपती संभाजीनगर येथे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात शिकतो. समाजकल्याणच्या वसतिगृहाच्या यादीत माझे नाव आले नाही. वडील बांधकामावर मजुरी करतात. भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळेल, पण खोलीभाडे कसे द्यावे? – एक विद्यार्थी, मूळ गाव जालना जिल्हा

उत्तर : यादीत नाव आले नाही, याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे, पण त्या यादीची प्रत जपून ठेवा, कारण तीच आता आपल्या उपयोगाची आहे. शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करूनही ज्यांना जागा मिळाली नाही, अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता मिळून मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महानगरपालिका क्षेत्रांत ५१,००० रुपये आणि अन्य जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते आणि विद्यार्थी महाविद्यालयाच्या गावचा रहिवासी नसावा लागतो. या दोन्ही बाबतींत आपल्याला अडचण दिसत नाही. शहरनिहाय रक्कम आणि गुणांची अट यांत वेळोवेळी बदल होत असतात, म्हणून अर्जापूर्वी सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात जाऊन या वर्षीचे परिपत्रक स्वतः वाचा. मित्राने गेल्या वर्षी काय केले, यावर विसंबू नका.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे, आणि इतर मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. आपल्या वर्गमित्रांपैकी कोणाला गरज असेल तर त्यांनाही कळवा. माझ्या अनुभवात योजनेची माहिती शासकीय फलकावरून जितक्या मुलांपर्यंत पोहोचते, त्याहून अधिक मुलांपर्यंत ती खोलीतल्या मित्राकडून पोहोचते.

प्रश्न : मी माध्यमिक शिक्षक आहे. माझ्या एका माजी विद्यार्थ्याला बारावी वाणिज्य शाखेत उत्तम गुण आहेत. वडिलांचे निधन झाले असून आई चार घरची धुणीभांडी करते. परंतु तो शिष्यवृत्तीचा अर्ज करायला तयार नाही. ‘मला कोणाचे उपकार नकोत, मी गॅरेजमध्ये काम करीन,’ असे म्हणतो. त्याला कसे समजवावे? – एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : गुरुजी, आपण सातारा जिल्ह्यातून लिहिता, म्हणून उत्तर आपल्या अंगणातूनच सुरू करतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा निरनिराळ्या जातींची गरीब मुले तेथे एकत्र राहू-जेवू लागली. त्या मुलांच्या पोटात अन्न पडावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, इतकेच नव्हे तर मंगळसूत्रही दिले. त्या मुलांना ‘उपकार’ हा शब्द कोणी ऐकवला नाही. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हणत ती मुले राबली आणि शिकली. आपल्या विद्यार्थ्याला गॅरेजमध्ये काम करायचे आहे, म्हणजे त्याच्यात हेच स्वावलंबन आहे. ते मोडू नये, फक्त त्याला योग्य जागा द्यावी. रयतच्या महाविद्यालयांत आणि राज्यातील अनेक विद्यापीठांत कमवा व शिका योजना चालते. ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत दिवसाचे काही तास काम करून मिळणारे पैसे हे त्याच्या घामाचेच असतील.

त्याला आणखी एक गोष्ट सांगा. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करण्याचा करारही झाला होता. शिष्यवृत्ती देणारा आणि घेणारा यांच्यात दोन्ही बाजूंची बांधिलकी असते, हे त्या करारात स्वच्छ लिहिलेले होते. आजच्या शासकीय शिष्यवृत्त्यांत असा करार नसतो, पण त्यांचा पैसा लोकांच्या करातून येतो, आणि त्याची आई ज्या दुकानातून साबण विकत आणते, तेथेही ती कर भरतेच. मग तो पैसा परका कसा?

व्यवहाराचे बोलायचे तर त्याने राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्र शासनाच्या महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा. आपापल्या मंडळाच्या बारावी परीक्षेत ८० पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे गुणानुक्रमे वरच्या वीस टक्क्यांत असलेल्या, नियमित अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे. पदवीच्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये आणि पदव्युत्तर शिक्षणात दरवर्षी २०,००० रुपये मिळतात. पुढे चालू ठेवण्यासाठी दरवर्षी किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती लागते, म्हणून गॅरेजचे काम तासिका बुडवून करता येणार नाही. ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याला दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. त्यामुळे तो राज्याच्या एखाद्या योजनेतही बसत असेल, तर दोन्हींची रक्कम समोर मांडून त्याच्या आईच्या उपस्थितीत निर्णय घ्या. आणि शक्य असेल तर पहिला अर्ज भरताना आपण त्याच्या शेजारी बसा.

प्रश्न : माझा महाडीबीटीवरील अर्ज मंजूर झाल्याचे दिसते, परंतु पैसे खात्यात आलेले नाहीत. बँकेत विचारले तर ‘आधार जोडलेले आहे’ असे सांगतात. – एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : बँक खोटे सांगत नाही, पण आपण विचारलेला प्रश्न अपुरा आहे. खाते उघडताना ओळखीसाठी आधार देणे वेगळे आणि थेट लाभ जमा होण्यासाठी ते खाते आधारशी संलग्न करणे वेगळे. शासनाचा पैसा आधार क्रमांकाशी सर्वांत शेवटी संलग्न केलेल्या खात्यात जातो. पुष्कळदा ते खाते नवे सिमकार्ड घेताना नकळत उघडलेले एखाद्या पेमेंट्स बँकेचे निघते आणि पैसे तेथे पडून राहिलेले असतात. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर आपला क्रमांक सध्या कोणत्या बँकेशी संलग्न आहे ते पाहता येते. ते आधी पाहा, मग हव्या त्या बँकेत संलग्नतेचा लेखी अर्ज द्या. आपल्या लॉगिनमध्ये अर्ज त्रुटीसाठी परत आलेला नाही ना, हेही दर आठवड्याला तपासत राहा. तो परत आल्याचे कोणी घरी येऊन सांगत नाही.

प्रश्न : मुलाला राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेत प्रवेश मिळाला आहे. आमचे उत्पन्न सात लाख आहे. कर्ज काढावे की शिष्यवृत्तीची वाट पाहावी? – एक वडील, नाशिक

उत्तर : वाट पाहू नका. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत देशातील नामांकित संस्थांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळण्याची सोय आहे. ज्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे आणि जे अन्य शासकीय शिष्यवृत्ती अथवा व्याज-सवलतीस पात्र नाहीत, त्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात व त्यानंतर हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात तीन टक्के व्याज-सवलत मिळू शकते. मात्र ही सवलत दरवर्षी ठरावीक संख्येच्याच विद्यार्थ्यांना असते, म्हणून ती गृहीत धरून हिशोब करू नका. व्याज पूर्ण दराने भरावे लागले तर हप्ता किती होईल, हे बँकेकडून लेखी घ्या. कर्ज मागताना वसतिगृह, भोजन आणि लॅपटॉप यांचा खर्चही अंदाजपत्रकात दाखवा. पालक केवळ शुल्कापुरते कर्ज काढतात आणि पहिल्या सत्रातच मुलाला जेवणाच्या पैशांसाठी घरी फोन करावा लागतो.