सेमिनरी हिल्सचा चढ

प्रिय पोरी,

काल तुझ्या घरी आलो तेव्हा तू डावा हात पोटाशी धरून बसली होतीस. हृदयाचे ठोके सांभाळणारा पेसमेकर छातीत बसवून तीन महिने झाले, तरी फळीवरचा डबा काढायला हात वर केलास की आई म्हणते, ‘राहू दे वं, तार निघंल.’ ते डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

हात खांद्यावर न्यायचा नाही हे पहिले चार-सहा आठवडे, पेसमेकरची तार हृदयात पक्की बसेपर्यंत. पुढेही हात जखडून ठेवला तर खांदा आखडतो. माझा आखडला होता. शर्टाची बाही चढवायला बायको लागायची. डॉक्टरांना एकदा विचार आणि स्वतःची वेणी स्वतः घालायला लाग.

आता मुख्य सांगतो. तपासणीत ‘कसं आहे?’ विचारलं की आपण ‘ठीक आहे’ म्हणून उठतो. मी दोन वर्षं तेच केलं. सायकलनं सेमिनरी हिल्सचा चढ चढताना धाप लागायची. वय झालं समजून गप्प राहिलो. एकदा बोलून गेलो, तर टेक्निशियननं विचारलं, ‘चालतानाही लागते?’ नाही, फक्त सायकलवर. माझ्या पेसमेकरला अंग हललं की श्रम कळतात, मग तो ठोके वाढवतो. सायकलवर पाय फिरतात, छाती स्थिर. मग ठोके वाढणार कसे? त्यानं छातीवर माऊसएवढं यंत्र ठेवून सेटिंग बदललं. चीर नाही, सुई नाही. तुझा आजार वेगळा, सेटिंगही वेगळं असेल. पण कितव्या मजल्यावर दम लागतो, हे वहीत लिही आणि तिथं वाचून दाखव.

मोबाइल उजव्या कानाला लाव, इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट राहा, मेट्रो स्टेशनवर पेसमेकरचं कार्ड दाखवून मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून न थांबता निघ. चक्कर आली किंवा जखम लाल झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

दारात हळूच विचारलंस, ‘काका, किती वर्षं?’ बॅटरी साधारण आठ-बारा वर्षं टिकते. मग छातीतली पेसमेकरची डबी बदलतात, तारा बहुधा त्याच राहतात. शरीरात पेसमेकर बसवलेले पहिले रुग्ण अर्ने लार्सन. स्टॉकहोम, १९५८. पहिलं यंत्र काही तासांत बंद पडलं. पुढे वीसहून जास्त पेसमेकर बदलत ते ८६ वर्षांचे होऊन २००१ साली गेले, तेही कर्करोगानं.

डॉक्टर हो म्हणाले की सायकलीत हवा भरून ठेव. ऊन चढायच्या आत, सहाला येतो.

तुझा,
काका