स्तंभालेख काढण्याआधी प्रमाण ठरव

भाऊ, तक्ता दिसला की लगेच पट्टी उचलू नकोस. आधी सर्वांत मोठा आकडा शोध. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्हा ४२.३ लाख, धुळे २०.५, नंदुरबार १६.५. १ सेमी = ५ लाख धरलंस तर जळगावचा स्तंभ साडेआठ सेमी होतो, बाकीचे ४.१ आणि ३.३. वहीच्या पानात आरामात बसतं.

उभा अक्ष शून्यापासूनच घे. १५ लाखांपासून सुरू केलास तर नंदुरबार जमिनीला चिकटतो आणि जळगाव त्याच्या अठरापट दिसतो. असले आलेख बघितले की माझं डोकं फिरतं! स्तंभांची रुंदी, अंतर सारखं ठेव. रंगांचा सोस नको.

शीर्षकात तुलना कशाची ते लिही. त्याच जनगणनेतलं अनुसूचित जमातींचं शेकडा प्रमाण मांडलंस तर क्रम पार उलटतो: नंदुरबार ६९, धुळे ३२, जळगाव १४.