सोलरची आवड आणि नगरपालिकेची नोकरी

पाटण तालुक्यातून एका अंगणवाडीसेविका ताईंचं पत्र आलं आहे. लेक कराडला विद्युत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सौरऊर्जेवर चालणारं मान्याचीवाडी गाव पाहून आल्यापासून ती म्हणते, ‘मला कंपनीत जायचं नाही, गावांसाठी, शहरांसाठी हवामान बदलावरचं काम करायचंय.’ मामांचं मत, हे फॅड आहे, एमपीएससी कर. ताईंचे प्रश्न तीन आहेत. असं काम सरकारात खरंच असतं का? असलं तर शिरायचं कुठून? आणि मुंबईला या विषयातलं एम. ए. करण्यासाठी आत्ता कर्ज काढावं का?

नमस्कार ताई,

फॅड नाही, हे मामांना सांगा. पण लेकीलाही सांगा, की ‘हवामान अधिकारी’ अशी जाहिरात निघेल आणि मग अर्ज भरू, म्हणून थांबली तर पाच वर्षं कशी गेली ते कळणार नाही. छोट्या नगरपरिषदांत त्या नावाचं पद शोधून सापडायचं नाही. काम मात्र भरपूर आहे, फक्त ते विद्युत, पाणीपुरवठा, बांधकाम परवानगी आणि लेखा विभागाच्या टेबलांवर वाटलं गेलंय.

तुमच्या जवळच्या कुठल्याही नगरपरिषदेचं वीजबिल बघा. नदीतून पाणी उचलणारे पंप, शुद्धीकरण केंद्र, तिथून उंच टाकीपर्यंतचे पंप, रस्त्यावरचे दिवे आणि असलं तर सांडपाणी प्रक्रिया केंद्र. छोट्या शहराचा हवामान आराखडा कितीही जाड छापला तरी पहिली ठोस बचत बहुधा या पंपांत आणि दिव्यांत सापडते. करार मागणी, म्हणजे वीज कंपनीकडे नोंदवलेला कमाल भार, गरजेपेक्षा जास्त घेतलेली असते, पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली प्रत्यक्ष कामी येणारी वीज किती याचं प्रमाण, घसरलेला असतो, वीस वर्षांपूर्वीचा पंप निम्म्या ताकदीनं पाणी ओढत असतो. हे ओळखायला विद्युत अभियंताच लागतो. तुमच्या लेकीची पदवी वाया जाणार नाही ती इथे.

कागदावर ही जबाबदारी जुनीच आहे. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी राज्यघटनेत जी अकरावी अनुसूची आली, तिच्यातल्या २९ विषयांत अपारंपरिक ऊर्जास्रोत आहेत, म्हणजे ग्रामपंचायतीकडे सोपवता येणारा हा विषय. बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी पर्यावरणरक्षण आणि पथदिवे आहेत. पैसा आणि ईर्ष्या मात्र अलीकडे आली. २०२० मध्ये राज्य सरकारचं ‘माझी वसुंधरा’ हे पर्यावरण अभियान सुरू झालं आणि ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत सगळ्यांना पंचतत्त्वांवर गुण मिळू लागले. ऊर्जा त्यात ‘अग्नी’खाली येते. घराच्या छतावर सोलर बसवण्याच्या केंद्राच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरमालकाला तीन किलोवॅटला, जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्या हद्दीत सोलर बसलेल्या दर छतामागे स्थानिक संस्थेलाही १,००० रुपये प्रोत्साहन ठेवलंय, हे अनेक सरपंचांच्या गावीही नसतं. शेतीपंपांना सौरवीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प उभा राहतो तिला वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षं निधी मिळतो.

मान्याचीवाडी तर तुमच्याच तालुक्यातली. १०२ घरांची वस्ती २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. गोंदिया जिल्ह्यातल्या डव्वा ग्रामपंचायतीनं २०२५ मध्ये हवामान कृतीसाठीच्या विशेष पंचायत पुरस्कारात देशात पहिला नंबर काढला, बक्षीस एक कोटी. गुणांसाठी आणि बक्षिसासाठी केलेलं काम म्हणून काही जण नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. बक्षिसासाठी का होईना, छतावर पॅनल चढतं आणि बिल उतरतं.

अडतं ते पुढे. शाळेच्या छतावर पॅनल बसतात, फीत कापली जाते, दुसऱ्या पावसाळ्यात इन्व्हर्टर बंद पडतो. निविदेत देखभालीची अट नीट लिहिलेली नसते, ठेकेदार फोन उचलत नाही, नेट मीटरचा, म्हणजे जादा सौरवीज बिलातून वळती करणाऱ्या मीटरचा, अर्ज अर्धवट राहिलेला, आणि ‘हे बघायचं कोणी?’ यावर मुख्याध्यापक ग्रामपंचायतीकडे बोट दाखवतात, ग्रामपंचायत पंचायत समितीकडे. तांत्रिक बाजू समजणारा आणि सरकारी कागद चालवता येणारा माणूस इथे हवा असतो, आणि तो दुर्मीळ आहे. तुमच्या लेकीनं तो व्हावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता शिरायचं कुठून. सरळ दरवाजा म्हणजे महाराष्ट्र नगरपरिषद राज्यसेवेतलं विद्युत अभियंत्याचं पद. स्पष्टच सांगतो, दरवाजा अरुंद आहे. २०२३ ची भरती एकूण १,७८२ पदांची होती, त्यात विद्युत अभियंते ४८. अशी भरती दरवर्षी निघत नाही, म्हणून फक्त हिच्या भरवशावर राहू नये. अभ्यास तोच धरून महावितरण, एमपीएससीतून भरली जाणारी महाराष्ट्र विद्युत अभियांत्रिकी सेवा आणि महानगरपालिकांच्या स्वतंत्र जाहिराती, सगळीकडे अर्ज भरावेत. मामांचाही मुद्दा अगदी मोडीत काढू नका. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेतून नगरपरिषदेचा मुख्याधिकारी होता येतं आणि अभियंत्यानं मांडलेली टिपणी पुढे जाते ती मुख्याधिकाऱ्याच्या सहीनं. पण राज्यसेवेत वर्षं किती जातात हे तुम्ही आजूबाजूला पाहतच असाल. नोकरी करता करता दिली तर ठीक, घरी बसून चार-चार वर्षं नको.

दुसरा रस्ता लांबचा, पण मला जास्त पटतो. पदवीनंतर दोन-तीन वर्षं सोलर बसवणाऱ्या किंवा ऊर्जा लेखापरीक्षण करणाऱ्या छोट्या कंपनीत काम. ‘कंपनीत जायचं नाही’ हा लेकीचा हट्ट इथे थोडा मोडावा लागेल. छतावर चढून सावली कुठून पडते ते पाहिलं नसेल, तर उद्या नगरपरिषदेत बसून ठेकेदाराचं बिल ती तपासणार कशी? तीन वर्षांच्या अनुभवावर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा देता येते. ते प्रमाणपत्र सरकारी आणि खासगी, दोन्ही बाजूंना चालतं. महाऊर्जा ही राज्याची ऊर्जा विकास संस्था, सल्लागार संस्था, महापालिकांचे पर्यावरण कक्ष, अशा ठिकाणी कंत्राटी जागा निघतात त्याही याच अनुभवावर मिळतात. मुख्यमंत्री फेलोशिपसारखी एक वर्षाची संधीही तेव्हा घेता येईल. मात्र कंत्राटी म्हणजे कंत्राटी. प्रकल्पाचा निधी संपला की टेबल रिकामं, हे धरूनच त्यात उतरायचं.

मुंबईबद्दल लेकीनं बरंच वाचलेलं दिसतं. मुंबई महापालिकेनं मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा आणला. देशाचं नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचं, लक्ष्य २०७० चं, मुंबईचं २०५० चं. ऊर्जा व इमारती, वाहतूक, कचरा, हरित क्षेत्र, हवा आणि पूर व पाणी असे त्याचे सहा भाग आहेत. तो आराखडा तिनं मुळातून वाचावा. पण तो करताना डब्ल्यूआरआय इंडियासारख्या पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या संस्थेची मदत घेतली होती, आणि असल्या संस्थांतल्या जागा थोड्या असतात. इंग्रजीत अहवाल लिहिणारी, आकडेमोडीत मुरलेली मुलं तिथे आधीच रांगेत असतात. तिनं त्या रांगेत पंपहाऊस पाहून आलेली अभियंता म्हणून उभं राहावं, म्हणजे नजर तिच्याकडे जाईल.

आत्ता, तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत करण्यासारखं काम सांगतो. कॉलेजचं पत्र घेऊन जवळच्या नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात जावं आणि बारा महिन्यांची वीजबिलं मागावीत. राज्याच्या ‘उन्नत महाराष्ट्र अभियाना’त अभियांत्रिकी महाविद्यालयांनी स्थानिक प्रश्नांवर काम करावं अशी सोयच आहे, त्यामुळे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प यातूनच काढता येईल. कारकून पहिल्या दिवशी बिलं देणार नाही. तिसऱ्या दिवशी देईल. तेवढ्यात तिथे बसून अंदाजपत्रक कसं करतात, दरसूची म्हणजे काय, तांत्रिक मंजुरी आणि प्रशासकीय मान्यता यांत फरक काय, ठराव कसा लिहितात, हे बघून घ्यावं. कॉलेजात यातलं काही शिकवत नाहीत, आणि नोकरीत रोज हेच लागतं. गावाकडे असली की ग्रामसभेलाही बसावं. ग्रामपंचायत विकास आराखड्यात पथदिव्यांसाठी किती रक्कम धरली, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळेल.

तुम्ही पत्रात हळूच विचारलंय, ‘मुलीला हे काम झेपेल का, खांबावर चढावं लागतं का?’ खांबावर वायरमन चढतात. पण गणपती विसर्जनाच्या रात्री मिरवणूक मार्गावरचे दिवे गेले तर विद्युत अभियंत्यालाच रस्त्यावर यावं लागतं, मग ती मुलगी असो की मुलगा. हे तिला आधीच सांगून ठेवा. ऐकून तिचा उत्साह वाढला, तर तुमची काळजी निम्मी मिटली समजा.

राहिलं कर्ज. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा हवामान बदल आणि शाश्वतता या विषयातला पदव्युत्तर अभ्यासक्रम चांगला आहे, मी तो वाईट म्हणणार नाही. पण थेट पदवीनंतर, मुंबईत राहण्याचा खर्च धरून, तुमच्या मानधनावर कर्ज काढून, असं नको. दोन वर्षं काम करू द्या. तोवर तिला धोरण लिहायचंय की पंपहाऊस सुधारायचंय हे तिचं तिलाच कळेल. धोरणाकडे ओढ असली तर प्रवेशपरीक्षा द्यावी आणि कर्ज तिनं स्वतःच्या पगाराच्या जोरावर काढावं. तुमच्या नावावर नको, आणि शेत तारण ठेवून तर मुळीच नको.