'डिड्यूस' म्हणजे नुसता अंदाज नव्हे

तुमचं इंग्रजी कथेचं भाषांतर वाचलं. इंग्रजी 'डिड्यूस'ला सगळीकडे 'अंदाज बांधणे' लिहिलंय, ते आधी बदला. अंदाज 'गेस'साठी ठेवा. डिड्यूसमध्ये हातात असलेल्या गोष्टींवरून पुढची गोष्ट निघावी लागते, म्हणून 'निष्कर्ष काढणे', आणि कथेत 'ताडणे' छान बसतं.

आपल्या न्यायशास्त्रातला, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला, डोंगर आठवा. डोंगरावर धूर दिसतोय. जिथे धूर तिथे अग्नी, हे स्वयंपाकघरातल्या चुलीवरून ठाऊक आहे. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. मधली पायरी गाळली तर अनुमान उभंच राहत नाही. मूळ इंग्रजी वाक्यात ही पायरी सापडते का, एवढं तपासत चला. मला तर अजूनही याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

इंग्रजीत 'पुराव्यावरून' म्हणताना 'डिड्यूस'पुढे 'वरून'साठी 'फ्रॉम' घ्या, 'ऑन' नको.

आणि 'डिडक्ट' वेगळं, हं! पगारातून कर कापतात ते डिडक्ट. टीडीएसमधला (टॅक्स डिडक्टेड ॲट सोर्स) 'डी' त्याचाच. नाम मात्र दोघांचं एकच, 'डिडक्शन', आणि तिथे भलेभले घसरतात. तुमच्या चौथ्या परिच्छेदात गुप्तहेराने 'वजावट' केली आहे, ती याच घोटाळ्यातून. शेजारी रक्कम आहे की पुरावा, ते बघून शब्द ठरवा.