पाचटाचा धूर: दाद कुठे मागायची?

ताई, वाळवा तालुक्यातल्या तुमच्या वस्तीवर ऊसतोड संपली की चुलत दीर तिन्हीसांजेला पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवतात, रात्रभर धूर घरात कोंडतो आणि दमेकरी सासऱ्यांना नेब्युलायझर लावावा लागतो. पोलिसांनी 'शेतीचा मामला' म्हणून परत पाठवलं. दिरांना 15,000 रुपये दंड होईल का, असं तुम्ही विचारलंय.

तो आकडा विसरा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायपीठाने, डिसेंबर 2015 मध्ये ठरवलेली ती भरपाई दिल्ली, पंजाब, हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेशापुरती, तीही पाच एकरांवरच्या शेतकऱ्यासाठी होती. इथे ती लागू नाही.

पोलिसांचंही सगळंच चुकलं नाही. हवा दूषित करण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 280 मध्ये आहे, पण तो अदखलपात्र (न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत), दंड फार तर 1,000 रुपये. आग बांध ओलांडून तुमच्या उसाकडे येईल अशी निष्काळजी दिसली तर मात्र कलम 287 लागतं. तो गुन्हा दखलपात्र आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा पोलिसांना तुम्हाला परत पाठवता येणार नाही.

धुरासाठी खरा रस्ता प्रांताधिकाऱ्यांकडे आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली ते उपद्रव थांबवण्याचा सशर्त आदेश (थांबवा, नाहीतर येऊन कारण सांगा) देऊ शकतात. पण त्रास एका घराचा नव्हे, वस्तीचा असावा लागतो. म्हणून अर्जावर शेजारच्या चार-पाच घरांच्या सह्या घ्याच. तोड तोंडावर आली असेल तर कलम 163 खाली तातडीचा मनाई आदेशही मागा. तो दोन महिने टिकतो. 'आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जाळतोय' हा बचाव सार्वजनिक उपद्रवाला चालत नाही.

पुरावा आजपासून जमवा. पेटलेल्या फडाचे तारीख-वेळ दिसणारे फोटो काढा. डॉक्टरांच्या कागदावर नुसतं 'दमा' नको, 'धुरामुळे दमा वाढला' असं तारखेसह हवं. या धुरातले 2.5 मायक्रॉनहून बारीक कण थेट फुफ्फुसात खोल उतरतात, शिवाय कार्बन मोनॉक्साइड असतोच. सासऱ्यांच्या वयाला हे जिवावरचं आहे, असं अर्जात स्पष्ट लिहा.

भावकी तुटेल ही तुमची भीती मला कळते. म्हणून अर्जाआधी गावातल्या वडीलधाऱ्यांसमोर एकदा बोला. पाचटाची कुट्टी (बारीक तुकडे) करून टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू खत टाकलं की ते रानातच कुजतं. कुट्टीचा निम्मा खर्च द्यायची तयारी असेल तर तसंही सांगा. दिरांनी नकार दिला तर दुसऱ्याच दिवशी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.