नदीतील माशांचा अभ्यास आणि आपल्या कन्येची वाट

आपले पत्र मिळाले. बारावी विज्ञानात शिकणाऱ्या आपल्या कन्येला श्रीलंकेच्या नद्यांतील माशांवर संशोधन करायचे आहे, आणि ‘यासाठी सागरी जीवशास्त्रच घ्यावे लागेल का, व पुढे पोटापाण्याचे काय’ असे आपण विचारले आहे. सागरी जीवशास्त्राची अट नाही. प्राणिशास्त्र किंवा मत्स्यविज्ञानाची पदवी आणि त्यानंतर गोड्या पाण्याच्या परिसंस्थेचा अभ्यास, ही तिच्यासाठी अधिक सरळ वाट आहे.

श्रीलंकेच्या नैर्ऋत्येकडील भरपूर पावसाच्या पट्ट्यात केलनी, कालू, गिन आणि निलवला या नद्यांच्या ओढ्यांत असे मासे आहेत, जे जगात अन्यत्र नैसर्गिकरीत्या सापडत नाहीत. सिंहली लोक ज्याला ‘ले तित्तेया’ म्हणतात, तो मासा बोटाच्या दोन पेरांएवढा असतो. विणीच्या काळात नर लालभडक होतो, आणि ‘ले’ म्हणजे रक्तच. मत्स्यालयांच्या व्यापारातून तो जगभर पोहोचला असला, तरी त्याच्या मूळ ओढ्यांवरची सावली गेली की काचेच्या पेटीतली त्याची संख्या नदीच्या उपयोगाची नसते.

याहून बोलके उदाहरण पेथिया बंडुला या माशाचे आहे. १९९१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, आणि पुढे बराच काळ तो गलपिटमाडा या गावाच्या परिसरातील एका छोट्या ओढ्यापुरताच ठाऊक होता. हा ओढा अभयारण्यातून नव्हे, शेतांमधून वाहतो. त्यामुळे येथे केवळ कुंपण घालून संवर्धन होत नाही, काठच्या शेतकऱ्याशी बोलावे लागते. माझ्या मते, माशाइतकीच माणसांशी बोलण्याची आवड तिला आहे का, हे आपण आधी पाहावे.

‘गोबी’ नावाच्या लहान माशांच्या काही जातींची पिले प्रवाहाबरोबर समुद्रात जातात आणि वाढून पुन्हा नदीत चढतात. लहान जलविद्युत प्रकल्पाच्या बंधाऱ्याने पाणी वळवले की ही ये-जा अडते. म्हणून खवले व मिशा पाहून जात ओळखण्याच्या कौशल्याबरोबर जलविज्ञान, संख्याशास्त्र आणि नकाशांचे सॉफ्टवेअरही तिला यायला हवे. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनात काम मिळते ते याच जोरावर. निव्वळ वर्गीकरणतज्ज्ञांच्या जागा थोड्या असतात आणि सुरुवातीची बरीच वर्षे ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांवर काढावी लागतात, हे मी आपल्यापासून लपवणार नाही.

श्रीलंकेतील रुहुणा विद्यापीठात मत्स्यविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा आहे, आणि पेरादेनिया विद्यापीठात प्राणिशास्त्राचे शिक्षण मिळते. पदव्युत्तर टप्प्यावर तेथील मार्गदर्शकांशी तिने स्वतः पत्रव्यवहार करावा. परदेशी संशोधकाला तेथे नमुने गोळा करण्यापूर्वी वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागते, आणि स्थानिक मार्गदर्शकाची साथ असल्यास ते काम पुष्कळ सुकर होते.